कूलरवाली बस

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमचीच काळजी वाटेल. जन्मभर खरं बोलून मी एवढंच शिकलो की खरं बोलणाऱ्याकडे माणसं आधी संशयाने बघतात आणि मग घड्याळाकडे. म्हणून मी कुणाची मनधरणी करणार नाही. ज्याला पटेल त्याने मान डोलवावी, ज्याला पटणार नाही त्याने आपापल्या घरी जाऊन कूलर लावून झोपावं.

प्रसंग आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचा. पंगती उठल्या होत्या. कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांनी आपलं काम चोख केलेलं असल्यामुळे मंडळी हॉलमध्ये सतरंजीवर लवंडली होती. अशात कुणीतरी पडल्यापडल्या विचारलं, "पोतनीसजी, जुनी बिल्डिंग पाडल्यापासून तुम्ही सगळे राहिले तरी कुठी?" त्यावर मी जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे, अक्षर इकडचं तिकडे न करता.

आमची नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातली जुनी बिल्डिंग पाडून तिथेच नवी बांधायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाकीच्यांनी ठरवलं, मी सभेत विरोध नोंदवला आणि चहा घेतला. त्यानंतर एका रविवारी जेवताना आमचे धाकटे चिरंजीव अपूर्व यांनी योजना मांडली.

"बाबा, असं करू. तुम्ही आणि आई पुण्याला अनिशदादाकडे जा. मी, गार्गी आणि वेदिका बेसाकडे दोन खोल्या भाड्याने घेतो. बिल्डिंग झाली की सगळे परत."

मालवाहतुकीवाला जसं म्हणतो की कपाट या गाडीत आणि पलंग त्या गाडीत, तसा त्याचा सूर होता. गार्गीने, म्हणजे आमच्या सूनबाईने, मान खाली घालून वरण कालवलं. वेदिका, आमची नात, तेव्हा दुसरीत होती. तिने विचारलं, "मग मला गोष्ट कोण सांगणार?" याचं उत्तर माझ्याकडे होतं.

मी उष्ट्या हातानेच उभा राहिलो आणि गरजलो, "घर पाडा! खुशाल पाडा! पण या घरातली माणसं वेगवेगळ्या गावांत ठेवली जाणार नाहीत. एक तवा, एक कूलर!"

"आधी हात धुवा," सुमती म्हणाली. सुमती म्हणजे आमचं कुटुंब. क्रांतीच्या ऐन क्षणी हात धुवायला लावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल तर तुम्ही माझं घर पाहिलं नाही.

पाचजणांचं एक घर भाड्याने का घेतलं नाही, असा शहाणा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. घ्यायला गेलो होतो की! एक घरमालक माझ्याशी पोटभर बोलला आणि मग म्हणाला की घर द्यायचा विचार बदलला. दुसऱ्याने तर माझं ऐकता ऐकता घर विकायलाच काढलं. स्पष्ट बोलणाऱ्याला या शहरात छप्पर मिळत नाही. पण छप्पर मिळत नाही म्हणून वाकणाऱ्यातले आम्ही पोतनीस नव्हे. आमचे पूर्वज भोसल्यांच्या पदरी होते. नक्की कोणत्या कामावर होते ते कुणी विचारू नये.

मी बस घेतली.

कामठी रोडला भंगाराच्या एका आवारात ती उभी होती. कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेची, पिवळीधमक, मागे 'मुले चढत-उतरत आहेत, सावकाश जा' असं लिहिलेली. बघताक्षणी मला कळलं की हेच घर. सलग मागची सीट म्हणजे आमचा दोघांचा दिवाण. मधोमध पडदा टाकला की अपूर्व-गार्गीची खोली. खिडक्यांना जाळ्या. आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वर झाकण असलेलं, चांगलं खोल, प्रशस्त कपाट! सुमतीने झाकण उघडून पाहिलं आणि बसमधली तिला आवडलेली ती पहिली गोष्ट ठरली. "बरण्यांना जागा चांगली आहे," ती म्हणाली. आंब्याचं, लिंबाचं, मिरचीचं, अशी सगळी लोणची तिने तिथे मांडली. अंधार, थंडावा, वर घट्ट झाकण. लोणच्याला याहून काय हवं?

बस मी स्वतः घरी आणली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, हे बघणारे शेकडो लोक अजून हयात आहेत. रस्ता दाखवायला पुढे चंद्रभानचा ट्रॅक्टर होता, आणि वाटेत चुकामूक होऊ नये म्हणून मध्ये एक साखळदंड बांधला होता. बस इतकी गुळगुळीत चालली की इंजिनाचा आवाज म्हणून नाही.

चंद्रभान म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या प्लॉटचा मालक. शेती कुहीकडे, ट्रॅक्टर मात्र रेती-मलब्याच्या फेऱ्या मारायला इथे. त्याने प्लॉट वापरायला दिला, पण शंका त्यालाही होतीच.

"काकाजी, घर सोडून गाडीत काहून राहून राहिले तुम्ही?"

"चंद्रभान, राजे लोक हत्तीच्या अंबारीत बसत."

"बसत जी. पर अंबारीत सैपाक नाही करत."

अशा माणसाला उत्तर द्यायचं नसतं.

शेजाऱ्यांचे सल्ले मग सुरू झाले. जुन्या बिल्डिंगमधल्या आमच्या खालच्या मजल्यावरचे रुपराव हे कोषागारातून निवृत्त झालेले, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या बिलात चुका काढलेले. ते येऊन बसभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "पोतनीसजी, दार दक्षिणेला आहे."

"बस आहे ही, रुपरावजी. मनात आलं तर उद्या पूर्वेला असेल."

"मग आज काहून नाही?"

ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि म्हणाले की चाकांवरच्या घरात लक्ष्मी टिकत नाही. मी म्हटलं, जुन्या घराला चाकं नव्हती, तिथे कुठे टिकली होती? तिसऱ्या दिवशी ते चाकांना लिंबू-मिरची बांधून गेले. सुमतीने त्यातलं लिंबू काढून सरबतात पिळलं.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक घोटाळा झाला. सकाळी मी दात घासत पायरीवर उभा होतो. एक बाई धावत आली, माझ्या हातात एक मुलगा आणि एक डबा दिला, "आज पोळी संपवायला लावा त्याले," असं बजावून स्कूटीवर निघून गेली. पिवळ्या बसचा तो प्रताप. दुसऱ्या दिवशी तीन मुलं आली. त्यांच्या आया परत येईपर्यंत सुमतीने त्यांना पोहे खाऊ घातले आणि मी पाढे म्हणून घेतले. त्यातला एक मुलगा तर पुढे खऱ्या शाळेत जाईना. त्याचं म्हणणं, त्या शाळेत आजी नाही.

पण राहिलो हो आम्ही मजेत! छताखालून एक दोरी गेली होती आणि ड्रायव्हरपाशी तिला पितळी घंटी होती. सुमतीने कायदा केला: एक घंटी म्हणजे चहा, दोन घंट्या म्हणजे जेवण. पडद्यामागे अपूर्व ऑफिसच्या साहेबाशी फोनवर बोलत असे आणि मध्येच दोन घंट्या वाजत. साहेबाने विचारलं, "तू मंदिरात आहेस का?" हा म्हणाला, "हो सर, आता प्रसाद." रात्री वेदिका ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसायची आणि विचारायची, "आबा, आज कुठे चाललो आपण?" मी सांगायचो, रामटेक. मग मी गडाच्या पायऱ्या सांगायचो, माकडं सांगायचो, आणि माकडांनी आजीची पिशवी पळवली तिथे ती झोपून जायची. जुन्या घरात अपूर्व माझ्याशी महिन्यातून एकदा बोलत असे, तेही मोबाइलच्या रिचार्जबद्दल. बसमध्ये त्याला पाणी प्यायला उठायचं तर माझे पाय ओलांडावे लागत. पाय ओलांडता ओलांडता माणूस बापाशी बोलायला लागतो, हे माझं संशोधन मी कुणालाही फुकट देतो.

मग एप्रिल आला, आणि मी ती चूक केली जी फक्त नागपूरचा माणूस करू शकतो. मी कूलर लावला.

आता तुम्ही म्हणाल, कूलर लावला त्यात काय? पण लावणं म्हणजे कसं लावणं? नागपूरचा माणूस कूलर टेबलावर ठेवत नाही. तो खिडकी काढतो, पत्र्याचा भलामोठा कूलर बाहेर उभा करतो, त्याला लोखंडी स्टँड करतो, वाळ्याच्या ताट्या भरतो, आणि स्टँडचे पाय हलू नयेत म्हणून ते जमिनीत पुरून वर सिमेंट ओततो. मीही ओतलं. बापाने ओतलं, आजोबाने ओतलं, मी काय बसला अपवाद करणार? ओल्या सिमेंटवर वेदिकेने बोटाने मोर काढला. सुमतीने उरलेल्या सिमेंटात तुळशीचा कट्टा करून घेतला. गार्गीने दारावर 'पोतनीस' अशी पाटी लावली. आणि कूलरच्या गार झोतात आम्ही पाचही जण एका रांगेत झोपलो, एक तवा, एक कूलर. बाहेर लेआउट, म्हणजे आमची सगळी वसाहत, भाजून निघत होता.

हे सुख कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं. महापालिकेत तक्रार गेली. कुणी केली ते मला माहीत आहे, पण वास्तुशांतीला तो माझ्या समोरच बुंदीचा लाडू खात बसला होता, म्हणून नाव घेतलं नाही. (इथे रुपरावांना ठसका लागला. पाणी दिलं.)

एका दुपारी साहेब आले. मार्तंडसाहेब. डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे एक शिपाई. त्यांनी बस पाहिली, पाटी पाहिली, तुळस पाहिली आणि मला विचारलं, "हे काय आहे?"

सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "घर."

"घर आहे? मग बांधकामाची परवानगी दाखवा."

"छे छे, गाडी आहे ही."

"गाडीला तुळशीचा कट्टा?"

"चालकाची श्रद्धा."

"आणि गाडीचा कूलर सिमेंटमधी?"

"साहेब, तुम्ही नागपूरचेच ना?"

साहेब क्षणभर विरघळले. मी पाहिलं. त्यांच्या घरीही सिमेंटातच असणार. पण सरकारी माणूस विरघळला तरी शिपायासमोर पुन्हा घट्ट होतो. ते म्हणाले, "हे पाहा काकाजी, सरळ हिशोब आहे. घर असन तर विनापरवाना बांधकाम आहे, पाडा लागते. गाडी असन तर हलवून दाखवा. सोमवारी मी स्वतः येतो. ट्रॅक्टर-बिक्टर लावायचा नाही."

माझा अपमान झाला. माझ्या गाडीला कुणी चालून दाखव म्हणतं? आमच्या पूर्वजांच्या घोड्याला कुणी असं म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं ते सांगत नाही, कारण घोडा होता की नाही याबद्दल घरात मतभेद आहेत.

पण बसमध्ये आलो तर अपूर्वने मोबाइलवर पुण्याच्या गाड्या बघायला घेतल्या होत्या. गार्गी म्हणाली, "बाबा, बेसाची खोली अजून रिकामी आहे म्हणे." सुमती बॅग भरायला उठली. बॅग मात्र सापडेना. ती वेदिकेने सीटखाली ढकलून वर स्वतः पालथी पडून राहिली होती. "मी नाही देणार," ती म्हणाली. "आजी पुण्याला जाणार नाही."

मी तिच्या शेजारी बसलो. "देऊ नकोस," म्हटलं. "बस चालेल."

"चालेल?"

"पोतनीसाचा शब्द आहे."

सोमवार उजाडला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ जळते दिवस, लागलेला. सकाळीच ऊन असं की चपलेचा अंगठा मऊ पडावा. तरी सगळा लेआउट जमला होता. आपल्याकडे लग्नाला उशिरा येतील, पण फजितीला वेळेवर. मार्तंडसाहेब आले. चंद्रभानने सब्बलीने कूलरचे पाय सिमेंटातून मोकळे केले. तुळस कुंडीत गेली. चंद्रभान कानात म्हणाला, "काकाजी, ट्रॅक्टर तं कुहीले गेला, आणि साहेब बी नको म्हणते. आता?"

"मला काय करायचाय ट्रॅक्टर?" मी म्हटलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढलो.

इथून पुढचं नीट ऐका, कारण इथूनच लोकांचा विश्वास उडायला लागतो.

सुमतीने दोरी धरली. दोन घंट्या दिल्या. आणि मंडळी, बस गर्जली! असा आवाज, असा आवाज की रुपरावांच्या छातीत धडधडलं. मी गियर टाकला. चाकांनी माती उडवली. बस प्लॉटमधून निघाली ती रिंग रोड, रिंग रोडवरून उमरेड रोड, आणि कूलर खिडकीला लटकलेला, तसाच चालू! वीज कुठून आली म्हणता? बसच्या वेगाने वाऱ्यावर पंखा फिरत होता. जितकी जोरात बस, तितकी गार हवा. नागपुरात कुणाला सुचलं नाही ते मला पळता पळता सुचलं.

कुहीजवळच्या एका गावात आम्ही जरा थांबलो. कूलरमधून पाणी गळत होतं. मे महिना. झालं! एका पोराने ओरडून सांगितलं, टँकर आला! बघता बघता बायका गुंड-कळश्या घेऊन रांगेत उभ्या. सुमतीने त्यांना समजावलं, "अगं, हा कूलर आहे."

एक म्हातारी म्हणाली, "कूलर असो का कोनी असो वं माय, पानी आहे ना?"

मी काय करणार? नळी काढली आणि वाटलं पाणी. टाकी संपेना! वाळ्याचा वास असलेलं गार पाणी. गावकरी म्हणाले, असा टँकर आजवर आला नाही. सरपंचाने मला हार घातला, आणि पुढच्या सोमवारी किती वाजता येणार ते विचारलं.

तिथून आम्ही पारशिवनीला गेलो. कुहीहून निघून पारशिवनी वाटेत लागत नाही, असं म्हणणारे लोक त्या दिवशी माझ्या गाडीत नव्हते. जंगलाच्या कडेला सावली बघून बस लावली. सुमतीने दोन घंट्या दिल्या, आम्ही जेवायला बसलो, आणि झुडपातून वाघ आला.

पट्टेदार. मी हातातला घास हातातच ठेवला. पण वाघाने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो सरळ कूलरसमोर आला, झोतात बसला, आणि त्याने डोळे मिटले. नवतप्यात वाघालाही नवतपाच असतो हो! तासभर बसला. शेवटी मीच खाकरलो, म्हटलं, बाबा रे, आम्हाला साहेबाला तोंड दाखवायचंय. तेव्हा उठला बिचारा. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे नव्हे. कूलरकडे.

(वास्तुशांतीच्या हॉलमध्ये इथे सगळे उठून बसले होते. सुमती पान लावत होती, ती फक्त "हं" म्हणाली. वेदिका, जी आता पाचवीत आहे, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. वाघ आला तेव्हा तिने मोठ्या माणसासारखी मान डोलावली. वाघाला तिची हरकत नव्हती.)

संध्याकाळ व्हायच्या आत मी बस परत प्लॉटवर आणून उभी केली, आधीपेक्षा जरा पुढे, कडुनिंबाखाली, म्हणजे साहेबांना फरक दिसावा. मार्तंडसाहेब तिथेच घाम पुसत उभे होते. मला म्हणाले, "मानलं काकाजी." आणि त्यांनी जागच्या जागी लिहून दिलं की हे बांधकाम नसून वाहन आहे आणि ते हलतं. विचारा ना, साहेब आज आलेले आहेत, ते काय खुर्चीवर बसले आहेत. राहू द्या, राहू द्या, त्यांच्या तोंडात सुपारी आहे, त्यांना त्रास नको. तेव्हापासून बिल्डिंग उभी राहीपर्यंत पोतनीसांच्या घराकडे वाकडा डोळा करून बघायची कुणाची छाती झाली नाही. पुण्याची बॅग उघडली नाही. घसा तेवढा माझा आठवडाभर बसला होता, तो उन्हामुळे. एक तवा, एक कूलर, आणि एकशेवीस घोड्यांच्या ताकदीचं माझं ते इंजिन...

"आबा," वेदिका आजीच्या मांडीवरून उठून बसत म्हणाली, चांगली खणखणीत, मागच्या खोलीतल्या भटजींनाही ऐकू जाईल अशी, "इंजिन कुठे होतं? तिथे तर आजीच्या लोणच्याच्या बरण्या होत्या! आजीने दोन घंट्या दिल्या की आम्ही सगळे मागून ढकलत होतो. मी, बाबा, आई, चंद्रभानकाका, ती शाळेची मुलं, त्यांच्या आया. रुपरावआजोबा पण ढकलत होते. हे साहेब तर चष्मा काढून ढकलत होते! कडुनिंबापर्यंत! आणि तुम्ही एकटे आत बसून तोंडाने घुर्रर्र, घुर्रर्र करत होतात!"